हसण्याआधी बसायचं

मी पहिल्यांदा पडले ती गुरांच्या छावणीत, पप्पांनी भरवलेल्या सर्वसाधारण सभेत.

त्या दुष्काळात आमच्या भागात वैरणीची काडी उरली नव्हती. चकलांब्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या माळावर आमच्या गावच्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. बांबूंवर हिरवी जाळी, जाळीखाली खुंट्यांच्या ओळी आणि खुंट्यांना आसपासच्या गावांची गुरं. गुरांसोबत प्रत्येक घरातलं एक माणूस मुक्कामाला असे. पप्पा संस्थेत नोकरीला होते. दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची, कॅन टेम्पोत चढवायचे. दूधच आटलं तेव्हा संस्थेने त्यांना छावणीत ऊस आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वाटायला बसवलं. आमच्या दोन गाई आणि एक कालवडही तिथेच बांधलेली. आई अंगणवाडीत असायची, म्हणून डबा घेऊन मी जायचे. बारावीची परीक्षा देऊन बीडच्या होस्टेलवरून नुकतीच परत आले होते.

पाचवीपासून मी इंग्रजी शाळेत, घराबाहेर. सुट्टीत घरी आले की पप्पा माझ्याशी जरा जपूनच वागायचे. माझ्यासमोर शिवी द्यायचे नाहीत, चहा बशीत ओतायचे नाहीत. अभ्यासाचं काय विचारावं हे त्यांना सुचायचं नाही आणि मला आपणहून काही सांगायची सवय नव्हती. मग ते नकला करायचे. शाळेच्या मुख्याध्यापकांची, एसटीच्या कंडक्टरची, आमच्या कालवडीची. मी हसले की त्यांचं तोंड उजळायचं. आमच्या दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच होतं, पण ते भरपूर होतं.

छावणीत त्यांनी नवीन काढलं होतं. संध्याकाळची वैरण टाकून झाली की उसाची मोळी पुढे ठेवून ते उभे राहायचे आणि संस्थेच्या चेअरमनच्या आवाजात गुरांची वार्षिक सभा घ्यायचे.

"जमलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो! विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मंजूर, मंजूर!" भोवतीची माणसं ओरडायची, खऱ्या सभेत ओरडतात तशीच, विषय ऐकून न घेता.

"विषय क्रमांक दोन. वाढे पुरत न्हाईत म्हणून सभासदांनी एकमेकांचं शेपूट चघळू नये. कुणाचा विरोध?"

नेमकी त्याच वेळी शिरूर कासारकडच्या एका मावशीची म्हैस लांबलचक ओरडली.

पप्पांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं. "विरोध नोंदवून घ्या. पण बाईंचा मागचा हप्ता थकलाय, त्यांना मताचा अधिकार न्हाई."

मी खळखळून हसले आणि माझे गुडघे गेले. दुसरा शब्द नाही. कुणीतरी आतून दोरी सोडावी तसे. मान छातीवर आली, हातातला डबा सुटला आणि मी वाढ्यांच्या ढिगावर पडले. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलेनात. पण ऐकू सगळं येत होतं. डब्याचं झाकण घरंगळत गेलं तेसुद्धा.

"फिट आली, फिट! चप्पल लावा नाकाला!" मावशी म्हणाली आणि दुसऱ्याच्या चपलेची वाट न बघता स्वतःची काढून तिने माझ्या नाकाशी धरली. दिवसभर शेणातून फिरलेली चप्पल. या मावशीचे लेक-सून ऊसतोडीला गेलेले, मागे ती आणि ती विरोधक म्हैस. माझ्यावर तिचा फार जीव.

"उतार पडना, मावशे," पप्पांचा आवाज रडकुंडीला आला होता. "दुसरी बी लाव!"

आता खरं सांगायचं तर माझं हसू तेव्हाच थांबलं असतं, तर मी उठलेही असते. पण त्या दुसऱ्या चपलेने घात केला. आत हसू फुटायचं आणि हातापायांत उरलासुरला जोरही जायचा. बाहेरून मात्र मी बेशुद्ध, पांढरीफटक, चपलांचाही उपयोग न होणारी पोरगी. शेवटी मावशी दमली, तिने चपला खाली ठेवल्या आणि थोड्याच वेळात मी उठून बसले.

"बघा," मावशी म्हणाली, "चामड्याचाच गुण. रबरीनं शुद्ध आली नसती."

चकलांब्याच्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, अशक्तपणा म्हणाले आणि सलाइन लावली. बाटली चढताना पाहून पप्पांना बरं वाटलं. आमच्याकडे सलाइन लागली म्हणजे इलाज झाला.

"आधी काही होत होतं का? चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऊन होतं," मी म्हणाले. ऊन तर होतंच.

असं थोडं थोडं आधीही झालं होतं. होस्टेलवर मैत्रिणी हसवायच्या तेव्हा जबडा सैल पडायचा, हातातला पेन गळायचा. मी भिंतीला टेकून उभी राहायला शिकले होते. शिवाय झोप. वर्गात, एसटीत, भाकरीचा घास हातात असताना ती यायची. बाई मला आळशी म्हणायच्या आणि मलाही ते पटलेलं होतं. पण छावणीत पडले तेव्हा कळलं की हे आळसाचं नाही. हसले की पडते. इतकं सरळ. हे डॉक्टरांना एका वाक्यात सांगता आलं असतं.

पुढच्या वेळी सांगणारही होते. पण दुसऱ्यांदा पडले तेव्हा पप्पा जे बोलले त्यामुळे सांगणं राहून गेलं.

तेव्हाही छावणीच होती, दुपारची वेळ. त्यांनी कालवडीला गाईच्या कानातला बिल्ला दाखवत 'ओळखपत्र न्हाई, वैरण न्हाई' असं काहीतरी सुनावलं आणि मी खुंट्याशी कोसळले. मावशी पाणी आणायला टँकरकडे पळाली. आजूबाजूला कुणी नव्हतं. पप्पांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, उपरण्याने माझा चेहरा पुसला आणि ते अगदी हळू बोलायला लागले. मी ऐकत नाही असं समजूनच बोलायला लागले.

"बाई, तुझ्यासंगं काय बोलावं मला खरंच कळत न्हाई गं. तू शिकली. मी बोलायला गेलो की वाटतं, आपलं काही तरी चुकंल. तू हसली की मंग वाटतं, न्हाई, पोरगी आपलीच हाय." मग म्हणाले, "उठ माय. सभा अर्धी राहिली."

मला उठता येत नव्हतं. गालावरून पाणी ओघळलं तो त्यांना घाम वाटला असावा, त्यांनी तेही पुसलं.

हे ऐकल्यावर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की तुमच्या हसवण्यानेच मी पडते? डॉक्टर काय म्हणतील ते मला पाठ होतं. हसवू नका. झालं. मग पप्पांकडे माझ्याशी बोलायला काय उरणार होतं, आणि माझ्याकडे तरी?

तेव्हा मी ऊन सांगत राहिले. थकवा सांगितला. उपाशीपोटी होते म्हणाले. लोक आईला बाहेरचं बघायला सांगत होते, एकाने तर देवऋषीचा पत्ताच आणून दिला. आई म्हणाली, "आमी विहारात जाणारी माणसं. आमच्यात ते चालत न्हाई. दवाखाना सांगा." म्हणून मग बीडचा मोठा दवाखाना.

बीडचे डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग व्हरांड्यापर्यंत. ते पप्पांना विचारत होते आणि पप्पा उत्तरं देत होते. मी मधल्या स्टुलावर.

"शुद्ध जाते?"

"पार जाते, साहेब. चप्पल लावली तरी न्हाई."

"तोंडाला फेस? दातखीळ? कपड्यांत लघवी?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तसलं काही न्हाई," ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. शुद्ध जात नाही, हे मला सांगायचं होतं. पण तोंड उघडलं तर पुढचा प्रश्न येणार, पडतेस कधी. आणि शुद्ध जात नाही म्हटलं तर पप्पांना कळणार की मांडीवर डोकं घेऊन ते जे बोलले ते मी ऐकलंय. दोन्हीकडून बंद.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, परीक्षेचा ताण आहे का, लग्नाचं वगैरे काही चाललंय का. मी नाही म्हणाले. इंग्रजी सुरू झालं तसे पप्पा खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. खरं म्हणजे शरीराचे सगळे शब्द मला इंग्रजीतच शिकवलेले, तिथे मी नीट सांगू शकले असते. पण त्यांना तसं मागे सरकताना पाहून मी उत्तरं मराठीत दिली आणि तीही अर्धी.

डोक्याला तारा लावून तपासणी झाली. तीत काही निघालं नाही, तरी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी मी अधिकच झोपायला लागले.

आणि घरात एक गोष्ट घडली. पप्पांच्या नकला थांबल्या.

आधी वाटलं, काळजीने असेल. पण छावणीत लोक म्हणायचे, "घ्या की हो सभा," तर ते म्हणायचे, "कोरम न्हाई." मी डबा घेऊन गेले की ते उठून उभे राहायचे, जणू साहेब आले. "जेवलीस का? गोळी घेतलीस का?" बस. मावशीने एकदा चेअरमनची गंमत सांगायला सुरुवात केली तर त्यांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुरांत आयुष्य गेलेला माणूस. कोणतं जनावर काय खाल्ल्यावर फुगतं हे बघत बसायची त्यांची सवय. त्यांनी मलाही तसंच बघितलं होतं. आई रागावते तेव्हा ही पडत नाही, उन्हातून चालत येते तेव्हा पडत नाही, मी बोललो की पडते.

त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. दोघंही त्यावर बोललो नाही. मी त्या काळात फारशी पडले नाही. गोळ्या लागू पडल्या, असं आई सगळ्यांना सांगायची. मला मात्र डबा देऊन परत येताना तो माळ फार मोठा वाटायचा.

झोप कमी होईना तेव्हा बीडच्या डॉक्टरांनीच औरंगाबादला मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं. पहाटेच्या गाडीने आम्ही गेवराईवरून निघालो. रस्ताभर पप्पा खिडकीतून बाहेरचे कोरडे नाले बघत होते आणि मी झोपेत होते.

डॉक्टर बाई होत्या, आईच्या वयाच्या, केस आखूड. माझी फाइल चाळून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. पप्पांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मी मराठीत उत्तर दिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पुढचा प्रश्न मराठीत विचारला.

"पडायच्या जस्ट आधी काय चाललेलं असतं?"

"काही नाही. असंच."

"असंच म्हणजे? भीती वाटते? कुणी रागावतं?"

मी ओढणीकडे पाहत राहिले.

"मॅडम, ती सांगणार न्हाई," पप्पा म्हणाले. ते उभे राहिले होते. "मी सांगतो. ही माझ्यामुळं पडती."

बाईंनी पेन खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम बदलला. "मारता तुम्ही हिला?"

"अवं न्हाई न्हाई!" पप्पांनी दोन्ही कान धरले. "हसवतो!"

"हसवता?"

"हसवायचो. आता बंद केलंय. लई दिवस झालं. घरात एक शब्द वाकडा बोललो न्हाई. तरी बी पोरगी झोपूनच असती, म्हणून आलो. माझ्या हसवण्यानं तिच्या डोक्यात काही झालं असंल तर तसं सांगा, मॅडम. तिच्यासमोर सांगा, चालंल."

मला वाटलं होतं, सत्य लपवून मी त्यांना वाचवतेय. आणि हा माणूस तेवढे दिवस गुन्हेगारासारखा गप्प बसून होता.

बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा अशा माणसासारखा झाला होता, ज्याला हरवलेली किल्ली दिसली आहे पण अजून हात लावलेला नाही. "हसली की पडते," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "खरं?"

मी मान डोलावली.

"मग हसवा बघू आता."

"आता?"

"आता. मी आहे इथे, पडू देणार नाही." त्यांनी शेजारच्या खोलीतून दोन शिकाऊ डॉक्टरांनाही बोलावलं. ते हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले. मला बाईंनी पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवलं.

पप्पांनी शर्ट खाली ओढला. शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखे उभे राहिले. "जमलेल्या माझ्या... सभासद बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. आवाज चेअरमनचा नव्हता, कुणाचाच नव्हता. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे... मागील सभेचे..."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने आदराने मान हलवली. मला हसू येईना, उलट रडू यायला लागलं. पप्पांनी आणखी एकदा प्रयत्न केला, कंडक्टर काढला, तोही अर्ध्या तिकिटात अडकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सुचत नव्हतं.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "बसा. घाई नाही."

पप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटले, "बघ बाई. म्हणूनच म्हणत्यात. घरी लंगडणारं जनावर डॉक्टरच्या दारात आलं की घोड्यावाणी चालतंय."

झालं. आधी गाल सैल पडले, मग मान, मग सगळंच. मी खुर्चीत कलंडले आणि बाईंनी मला खांद्याला धरून सावरलं.

"ऐकू येतंय ना तुला?" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "घाबरू नको. आता गुडघ्यावर छोटी हातोडी मारणार आहे. लागणार नाही. मी बोलत राहते."

पडल्यावर माझ्याविषयी सगळे बोलायचे. मी ऐकतेय हे धरून त्या अवस्थेत माझ्याशी कुणी बोललं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. हातोडी गुडघ्यावर बसली, पाय हलला नाही. "बघा," त्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या.

"मॅडम, तिला काय सांगून उपेग?" पप्पा कळवळून म्हणाले. "ती शुद्धीत न्हाई."

"आहे की. सगळं ऐकतेय."

"सगळं?"

"प्रत्येक शब्द. दर वेळी ऐकते."

थोड्या वेळाने माझ्या मानेत जोर आला, बाईंनी पुन्हा हातोडी मारली आणि पाय टुणकन उडाला. मी डोळे उघडून पाहिलं तर पप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. कान लाल झालेले.

बाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, नार्कोलेप्सी. हसल्यावर हातपाय गळतात त्याला कॅटाप्लेक्सी. फार थोड्या लोकांना होतो, म्हणाल्या. झोपेची तपासणी पुण्याला करावी लागेल. फिटच्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, हळूहळू बंद करू. दुसरी औषधं देते, त्यांनी फरक पडेल, पण मुळासकट जाणार नाही. हे सगळं पुढे तसंच झालं. हा आजार कुणाच्या चुकीने होत नाही, हे मात्र त्यांनी पप्पांकडे वळून सांगितलं आणि दोनदा सांगितलं.

"मंग हसवायचं बंद ना?" पप्पांनी विचारलं.

"कशाला बंद? आधी बसवा. विहिरीच्या काठावर, चुलीपाशी, गाडीवर मागे बसलेली असताना नको. नीट बसली की हसवा."

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. पाचोड मागे पडल्यावर पप्पांनी घसा खाकरला.

"म्हंजे ते चपलीचं बी कळलं तुला?"

"वाससुद्धा."

"आन् मी दुसरी लाव म्हणलो ते?"

"त्यामुळेच तर उठता येत नव्हतं."

ते गालात हसले. पुढच्या सीटच्या दांड्यावर त्यांचा हात होता, अंगठ्याने ते त्याचा उडालेला रंग खरवडत होते.

"आन् दुपारी... खुंट्यापाशी... मी काही तरी बडबडलो होतो."

नाही ऐकलं, असं म्हणता आलं असतं. ते सुटले असते, मीही सुटले असते.

"ऐकलं," मी म्हणाले. "मलासुद्धा कळत नाही, पप्पा. तुमच्याशी काय बोलायचं ते."

त्यांनी दांड्यावरून हात काढला. मग म्हणाले, "बरं झालं ऐकलंस. परत म्हण म्हणली असतीस तर मला जमलं नसतं."

गेवराईचा फाटा यायचा होता. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, सीट पाहिली, खिडकीचा गज पाहिला. मग औषधांची पिशवी पायाशी ठेवली आणि एक हात माझ्यापुढून नेऊन गज घट्ट धरला, कालवडीपुढे आडवी बल्ली टाकतात तसा.

"तू बसलेलीच हायस की," ते म्हणाले.

आणि चेअरमन घसा साफ करताना करायचे तसा आवाज काढला.

"जमलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो! मागची सभा कोरमअभावी तहकूब झाली होती. विषय क्रमांक एक. संस्थेच्या एका मेंबर मावशीच्या चपलांना औषध म्हणून मान्यता देणे. अनुमोदन कोण देतंय?"

माझी मान त्यांच्या खांद्यावर पडली. पलीकडच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "लेकरू दमलंय जणू, झोपलं."

"न्हाई, झोपली न्हाई," पप्पा म्हणाले आणि माझ्या कानाशी वाकले. "ऐकू येतंय ना, बाई? मी बोलत राहतो. विषय क्रमांक दोन."